विस्तारित इमारतीचे बांधकाम व शेजाऱ्यांची गैरसोय : खर्चाच्या काही बाबींविषयी

रुग्णालयाच्या नियोजित विस्तारित इमारतीच्या अंदाजपत्रकात पत्र्याचे उंच कुंपण, हिरवी जाळी, टँकरचे पाणी, शेजारच्या घरांची पाहणी अशा काही बाबी आम्ही स्वतंत्रपणे दाखविल्या आहेत. हा पैसा खाटांकडे व यंत्रसामग्रीकडे का वळवू नये, अशी पृच्छा काही देणगीदारांनी केली. पृच्छा रास्त आहे. तिचे उत्तर सविस्तर देणे आमचे कर्तव्य ठरते.

लोकोपयोगी कामाचा उपद्रव खानदेशाला नवा नाही. जळगावातील ब्रिटिशकालीन शिवाजीनगर उड्डाणपूल 2019 मध्ये पाडण्यात आला आणि रेल्वेमार्गापलीकडील रहिवाशांना नवा पूल होईपर्यंत शाळा, बाजार व दवाखान्यासाठी लांबचा वळसा घ्यावा लागला. त्याच सुमारास अमृत योजनेच्या जलवाहिन्यांसाठी शहरभर रस्ते खोदले गेले. उन्हाळ्यात धूळ व पावसाळ्यात चिखल, असा क्रम चालला. पूल आणि पाणी दोन्ही लोकांना हवेच होते. त्रास अधिक जाणवला तो काम केव्हा संपेल हे न कळण्याचा, असे आमचे निरीक्षण आहे. आता आमच्या भिंतीपलीकडच्या कुटुंबांना आम्ही तसाच त्रास देणार आहोत, मग त्यामागील हेतू कितीही चांगला असो.

आवाजाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. ध्वनिप्रदूषणविषयक 2000 च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे 50 व 40 आहे. 2010 च्या दुरुस्तीने निवासी भागात व शांतता क्षेत्रात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाज करणारी बांधकाम यंत्रे चालविण्यास मनाई केली. रुग्णालयाजवळ भोंगा वाजवू नका, असे आपण इतरांना सांगतो. तोच नियम आपल्या मिक्सरला व व्हायब्रेटरलाही लागू आहे, हे पुष्कळदा विसरले जाते.

येथे खानदेशचा उन्हाळा आडवा येतो. आपल्याकडील काळी माती पावसात फुगते व ओसरताना आकसते, म्हणून पायाचे खोदकाम दिवाळीनंतर जमीन वाळल्यावर करणे इष्ट. तसे केले की पहिले स्लॅब नेमके एप्रिल-मे महिन्यांत येतात. तेव्हा पारा 44-45 अंशांवर असतो. भारतीय मानकानुसार ओतताना काँक्रीटचे तापमान 40 अंशांच्या आत असावे लागते, त्यामुळे ठेकेदाराचा कल रात्री स्लॅब टाकण्याकडे असतो. त्याचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चुकीचे नाही. परंतु रात्री अंगणात वा गच्चीवर निजणाऱ्या शेजाऱ्यांनी काय करावे? यावर मार्ग आहे. संरचना अभियंत्याने ठरवून दिलेल्या जागी सांधा ठेवून मोठा स्लॅब दोन दिवसांत विभागावयाचा, आणि प्रत्येक वेळी दुपारी उशिरा काम सुरू करून रात्री 10 पूर्वी आटोपावयाचे. यासाठी काँक्रीट पंप दोनदा बोलवावा लागतो व मजुरीही वाढते. अंदाजपत्रकातील त्या बाबीचा अर्थ हाच आहे.

त्यानंतर पाण्याचा प्रश्न. कोरड्या व उष्ण हवेत काँक्रीटवर किमान 10 दिवस पाणी मारत राहावे, असे मानक सांगते. जळगावचे पाणी वाघूर धरणातून येवो वा धुळ्याचे तापीतून, भर उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येणे ही दोन्ही शहरांत अपूर्वाईच. ज्या घरी पाण्याचे पिंप जपून वापरले जाते, त्या घरासमोर स्लॅबवर आळी करून पाणी साठविलेले दिसले, तर मनात काय येईल हे सांगावयास नको. म्हणून बांधकामासाठी नळाचे पाणी वापरले जाणार नाही. स्लॅबला टँकरचे पाणी व ओली गोणपाटे, आणि धूळ दाबण्यासाठी सांडपाण्यावर प्रक्रिया करून मिळालेले पाणी वापरावयाचे आहे.

धुळीचा संबंध शेजाऱ्यांइतकाच आमच्या रुग्णांशीही आहे. खोदकाम व पाडकामाच्या धुळीबरोबर अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजकण हवेत पसरतात. निरोगी माणसाला ते सहसा बाधत नाहीत. कर्करोगावरील औषधे घेणाऱ्या वा प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णाला मात्र ते प्राणघातक ठरू शकतात. शिवाय 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात हवेची मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत जळगावचे नाव आहे. त्यामुळे फरशी व दगड कापण्याचे काम बंदिस्त जागेत व पाण्याची धार सोडून होईल, वाळू झाकलेली राहील, राडारोडा झाकलेल्या वाहनातूनच जाईल.

शेजारच्या काही घरांच्या भिंती जुन्या आहेत. खोदकामापूर्वी आमचा अभियंता घरमालकासमक्ष प्रत्येक तड्याचे छायाचित्र घेईल, त्यावर तारीख व दोघांच्या स्वाक्षऱ्या असतील, आणि एक प्रत घरमालकाकडे राहील. पुढे तडा वाढल्यास तो जुना की नवा, हा वाद उरणार नाही. यात घरमालकाचे जेवढे हित आहे तेवढेच संस्थेचेही आहे.

हे सर्व ठेकेदाराच्या सौजन्यावर का सोपवीत नाही, असे कोणी विचारील. वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाचे उत्तर सरळ आहे. ज्या कामाला निविदेत स्वतंत्र दर नाही, ते ठेकेदार आपल्या नफ्यातून करतो, आणि नफा घटू लागला की प्रथम तेच बंद पडते. ‘शेजाऱ्यांना त्रास होणार नाही याची दक्षता घ्यावी’ हे वाक्य बहुतेक करारांत असते. त्याचे देयक कोणी सादर केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. जाळी चौरस मीटरने, पाणी टँकरने व कुंपण धावत्या मीटरने मोजता येते. मोजले जाते त्याचेच पैसे देता येतात आणि न केल्यास कापताही येतात.

परवानगीच्या तपशिलाचा फलक दर्शनी भागी लावला जाईलच. त्याखाली कामाच्या वेळा, पुढील स्लॅबची तारीख व दिवस-रात्र उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक खडूने लिहिला जाईल. तारीख बदलल्यास त्याच दिवशी पुसून नवी लिहिण्याची जबाबदारी कार्यालयाकडे राहील, ठेकेदाराच्या मुकादमाकडे नाही.