कुरखेड्यात कापूस कुठे आहे?

कुरखेड्याला सती नदीच्या बाजूनं या. दिसतात त्या धानाच्या बांध्या, आणि मागे जंगल. कापूस औषधापुरताही नाही. तरी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला हा मुलूख इंग्रजांकडे का गेला, याचं एक नावाजलेलं उत्तर कापूस हेच आहे.

११ डिसेंबर १८५३ ला नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले. औरस पुत्र नव्हता, दत्तकही घेतलेला नव्हता. गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसीनं २८ जानेवारी १८५४ च्या टिपणात राज्य खालसा करण्याची बाजू मांडली, आणि सुमारे ८०,००० चौरस मैलांचा, ४० लाख रुपये वसुलाचा प्रदेश लढाईवाचून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात निघाले. नवल असं, की रघुजी स्वतःच दत्तक होते! दुसऱ्या रघुजींच्या या नातवाला १८१८ मध्ये गादीवर बसवलं होतं कंपनीनंच.

मग ‘दत्तक नाही’ हे कारण की निमित्त? नागपूरचा इंग्रज रेसिडेंट मॅन्सेल यानं वारस मानावा असं सुचवलं होतं, कौन्सिलमधल्या कर्नल लोनं लेखी विरोध केला होता. म्हणजे कायद्यानं कुणाचे हात बांधले नव्हते. डलहौसीच्या टिपणात इंग्लंडच्या गिरण्यांची कापसाची गरज आहे, मुंबई-कलकत्ता मार्ग आपल्याच मुलखातून जावा ही इच्छाही आहे. कापसाचा वऱ्हाड तर निजामाकडून आदल्याच वर्षी घेतलेला. यातलं ज्याला जे पटतं, तो इतिहासकार ते उचलतो.

अमेरिकेनं १८९८ मध्ये स्पेनशी लढून फिलिपिन्स घेतलं, ते कशासाठी यावरही इतिहासकारांचं असंच भांडण आहे. वॉल्टर लफेबर बाजारपेठेकडे बोट दाखवतात. ज्युलियस प्रॅट म्हणतात, व्यापाऱ्यांना आधी युद्धच नको होतं.

मला कापसाचा मुद्दा हिंगणघाटपर्यंत पटतो. वैनगंगा ओलांडून कुरखेड्याकडे आलं की तो लंगडतो. गेवर्धा, पलसगड या झाडीतल्या जमीनदाऱ्या भोसल्यांना टाकोळी, म्हणजे खंडणी, भरत. नागपूर गेलं तशा त्याही गेल्या, गाईमागं वासरू जावं तशा. इथला साग कुणाच्या नजरेत भरायला वेळ लागला नाही, हे मात्र खरं. रेल्वेला स्लीपर हवे होते, आणि १८५५ मध्ये त्याच डलहौसीनं सरकारी वनधोरणाचा पाया घातला. खालसा होऊन तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं.