गाडीवरचे डाग आणि गल्लीतले शेठ

डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला वासाने जाग येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला. तो पाहायला खुद्द मुख्यमंत्री येऊन गेले. आम्ही डोंबिवलीकर मात्र नेहमीप्रमाणे आठ-अकराची लोकल पकडायला निघालो. त्यामुळे ऑगस्ट २०२३ मधल्या त्या सोमवारी रात्री नाकाला झोंबणारा वास आला, तेव्हा आमच्या सौ.ने फक्त खिडकी लावून घेतली आणि मी कूस बदलली. गल्लीच्या वरच्या टोकाला कसलीशी घंटा वाजत होती. म्हटले, असेल गणपतीची तालीम.

गल्लीच्या त्या टोकाला लोखंडी सामानाला मुलामा देण्याचा एक छोटा कारखाना आहे. मुलामा देण्याआधी लोखंडाचा गंज काढावा लागतो, आणि तो काढतात हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये बुडवून. अॅसिड टेम्पोने, मोठमोठ्या प्लॅस्टिकच्या कॅनमधून येते. त्या रात्री उतरवताना एक कॅन फुटला. गल्लीला आमच्या बाजूला उतार, कोपऱ्यावरचे गटार तुंबलेले, वरून रिमझिम पाऊस आणि अग्निशमन दलाने मारलेले पाणी. ते सगळे मिश्रण वाहत येऊन आमच्या फाटकाशी साचले. आणि नेमक्या त्या डबक्यात आमची गाडी उभी.

गाडी बाहेर का ठेवली होती, हा प्रश्न पुढे शेठनी मला तीनदा विचारला. म्हणून इथेच सांगून टाकतो. माझे वडील, अण्णा, ब्याऐंशी वर्षांचे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी त्यांना डायलिसिससाठी कल्याणला न्यावे लागते. पहाटे आवारातल्या चार गाड्या हलवत बसण्यापेक्षा मी आदल्या रात्री गाडी फाटकाबाहेर काढून ठेवतो. तिथे ना ‘गाडी उभी करू नये’ अशी पाटी आहे, ना कोणाचे दार. सहा वर्षांची गाडी, निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली, आणि खरे म्हणजे अण्णांसाठीच घेतलेली.

सकाळी सहाला खाली उतरलो तर डबक्यातून शाळेची बस सपकन निघून गेली आणि गाडीच्या दोन्ही दारांवर पाणी उडाले. चाकांच्या अॅल्युमिनियमच्या रिमवर पांढरे चट्टे उठले होते, आणि ब्रेकच्या चकत्या एका रात्रीत विटकरी झाल्या होत्या. मी बादली आणायला धावलो. तेवढ्यात तळमजल्यावरचे सर गॅलरीतून ओरडले, “अहो, थांबा! आधी फोटो काढा!” सर आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या कपाटात पेन्शनच्या कागदांबरोबर आम्लता मोजायच्या कागदपट्ट्यांची पुडी अजून आहे. त्यांनी एक पट्टी डबक्यात बुडवली, ती लालभडक झाली. मग पट्टी, डबके आणि गाडीचा नंबर असा एकत्र फोटो घेतला. सौ.ने खाण्याचा सोडा मूठभर टाकला तर असा फसफसला, की ढोकळ्याच्या पिठाला लाज वाटावी.

“आणि ही फरशी पाहा,” सर म्हणाले. फाटकासमोर शहाबादी फरशी आहे. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, अॅसिडला तो भुलतो. पाणी जिथवर आले होते तिथवर फरशीचा गुळगुळीतपणा जाऊन ती खरखरीत झाली होती. सरांनी तिच्यावर पट्टी ठेवून आणखी एक फोटो काढला. “गाडी तुम्ही आता धुणार, डबके पाऊस धुणार, ही कुठे जात नाही.” फोटो झाल्यावर मात्र त्यांनीच अर्धा तास नळी धरून चाके आणि गाडीचे पोट धुवायला लावले, कारण अॅसिड जितका वेळ राहील तितके खाईल. गाडी सुरू करून फूटभर पुढे घेतली तर ब्रेक करकरले. अण्णांना रिक्षाने नेले. सबंध वाटेत अण्णा एकच विचारत होते, “आपली गाडी कुठंय?”

गॅरेजवाल्याने अंदाज दिला ३९,६०० रुपयांचा: रिम आणि ब्रेकच्या चकत्या मिळून २०,०००, दारे-बंपर रंगवायचे १६,००० आणि मजुरी ३,६००. मी निश्चिंत होतो. विमा आहे की! पण गृहिणी ज्या बारकाईने वाण्याचे बिल पाहते तसा विम्याचा हिशेब मांडला, तेव्हा डोळे उघडले. गाडीला पाच वर्षे उलटली की धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापतात. म्हणजे ८,००० गेले. रंगकामाचे एकत्र बिल असले तर त्याचा चौथा हिस्सा रंगाचा धरतात आणि त्याचा निम्मा कापतात, २,००० गेले. सक्तीची कपात १,०००. हाती २८,६००. शिवाय पाच वर्षे दावा न केल्याबद्दल हप्त्यात जी ५० टक्के सूट साठली होती, ती एका दाव्याने शून्यावर येते, आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी पायरी-पायरीने चढायला पाच वर्षे लागतात. माझा नुकसानीच्या विम्याचा मूळ हप्ता ६,०००. तो तेवढाच राहिला असे धरले, तरी पाच वर्षांत ७,५०० रुपये जास्त भरायचे. निव्वळ पदरात २१,१००. चूक दुसऱ्याची, आणि साडेअठरा हजार माझे.

(ज्यांची पॉलिसी घसारा न कापणारी आहे, त्यांचा हिशेब वेगळा येईल, तो त्यांनी आपला मांडून पाहावा. आणि ज्यांना विम्याकडेच जायचे आहे, त्यांनी आधी समोरच्याशी परस्पर तडजोड करून ‘आता काही मागणे नाही’ अशी चिठ्ठी सही करून देऊ नये. विमा कंपनी पैसे दिल्यावर तुमच्या जागी उभी राहून ते त्याच्याकडून मागू शकते. तिचा हा रस्ता तुम्ही बंद केलात तर ती तुमचा बंद करील.)

तेव्हा शेठकडे गेलो. शेठ वाईट गृहस्थ नव्हेत. चहा मागवला. मग म्हणाले, “टेम्पो माझा नाही, काका. टेम्पोवाल्याकडे मागा.” टेम्पोवाला म्हणाला, “माल शेठचा, हमाल शेठचे, मी नुसता भाडेकरी.” पुन्हा शेठ: “पाऊस होता. पावसानेसुद्धा गंज चढतो. पुरावा काय?”

पुरावा त्याच रात्री चालत आला. कारखान्याचा रखवालदार जिन्यात उभा होता. त्याने हळू आवाजात सांगितले, की तसल्या कॅनांना चिरा असतात, हे आधीच्या खेपेला दिसले होते. सुपरवायझरला दाखवलेही होते. “पण साहेब, माझे नाव नको. पोरगी दहावीला आहे.” एवढे बोलून तो गेला. पुढचे दोन दिवस मला जेवण गोड लागले नाही. माझी बाजू पक्की करणारा एकुलता एक माणूस, आणि त्याला पुढे केला तर त्याची नोकरी जाणार. सौ. म्हणाली, “चाळीस हजारांसाठी कुणाची चूल विझवायची नाही हं.” अण्णा म्हणाले, “पण तो खरे बोलतोय.” दोघांचेही बरोबर होते.

माझा भाचा कल्याणच्या कोर्टात वकिली करतो. त्याला सगळे सांगितले. तो हसला. “मामा, तो रखवालदार तुम्हाला लागतोय कशाला?”

मग त्याने जे सांगितले, ते मला एखाद्या गोष्टीसारखे वाटले. इंग्लंडात एका गिरणीवाल्याने आपल्या जमिनीत पाण्याचा तलाव बांधला. ते पाणी खालच्या जुन्या बोगद्यांतून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले. गिरणीवाल्याची स्वतःची चूक सापडेना. तरीही १८६८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायासनाने ठरवले, की निसटल्यास अपाय करील अशी वस्तू जो आपल्या कामासाठी आणून ठेवतो, त्याने ती निसटल्यावर भरून द्यावे. रायलंड्स विरुद्ध फ्लेचर हा तो खटला. आपल्याकडे ४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीतल्या एका कारखान्यातून ओलियम वायू गळला; तेव्हा भोपाळला जेमतेम वर्ष झाले होते. त्या प्रकरणात डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश भगवतींच्या पीठाने आणखी पुढचे पाऊल टाकले: धोकादायक धंदा करणाऱ्याला जुन्या इंग्रजी नियमातल्या पळवाटाही नाहीत. “म्हणजे,” भाचा म्हणाला, “कॅनला चीर होती की नव्हती, सुपरवायझर झोपला होता की जागा, हे सिद्ध करायची गरज नाही. अॅसिड त्यांचे, ते निसटले, आणि त्याने तुमची गाडी खाल्ली. एवढे तीन दाखवा. रस्त्यावर उतरवताना सांडले म्हणून कोर्टात वाद घालतील, घालू देत.”

मी त्या रात्री पोटभर जेवलो.

तिन्ही गोष्टी दाखवायला कागद हवा होता, आणि तो कुठे आहे हे मला घंटेने सांगितले. गणपतीची तालीम वाटली ती बंबाची घंटा होती! अग्निशमन दल गेले की वर्दीची नोंद होते. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज केला. तीस दिवसांच्या आत नक्कल मिळाली. वेळ, ठिकाण, आणि ‘उतरवताना अॅसिडचा कॅन फुटल्याने’ हे शब्द. कोणाची नोकरी गेली नाही आणि सरकारी शिक्का मिळाला. पोलीस ठाण्यातही नोंद करून ठेवली होती. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार दिली, तीही जरूर द्यावी. पण मंडळ कारखान्याला वठणीवर आणू शकते, तुमच्या दाराचा रंग भरून देणे हे त्याचे काम नव्हे. पुष्कळांनी ‘ग्राहक मंचात जा’ असे सुचवले. मी शेठचा ग्राहक नाही, तेव्हा ते दार माझ्यासाठी नव्हतेच. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे. त्यात चूक सिद्ध न करता जिल्हाधिकाऱ्यांकडे मदत मागता येते. पण तो झाला तेव्हा खाजगी मालमत्तेच्या नुकसानीला त्यात मर्यादा घातली होती ६,००० रुपयांची! जास्तीच्या रकमेसाठी दुसरीकडे जाण्याचा हक्क मात्र त्याने शाबूत ठेवला आहे.

दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा घाई नव्हती. भाच्याने शेठ आणि टेम्पोवाला दोघांच्याही नावे नोटीस काढली. मागणी ४१,२०० ची: गॅरेजचे ३९,६०० आणि गाडी गॅरेजात होती त्या अकरा दिवसांत अण्णांच्या चार फेऱ्यांचे रिक्षाभाडे १,६००. रिक्षाच्या पावत्या नव्हत्या. पण हॉस्पिटलच्या कागदांवर चारी तारखा होत्या. नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली. (२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. पोचपावती मात्र सांभाळायची ती सांभाळायचीच.) उत्तर आले नाही. मग दावा लावण्याआधी विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज दिला. कोर्ट फी नाही, आणि डिसेंबर २०२३ च्या राष्ट्रीय लोकअदालतीची तारीख मिळाली.

लोकअदालत म्हणजे मला वाटले होते तसे काही गंभीर नसते. मंगल कार्यालयात पंगत बसावी तशी गर्दी. आमचे प्रकरण वीस मिनिटांत आले. शेठ म्हणाले, “आम्ही काय मुद्दाम सांडले?” पॅनेलवरचे न्यायाधीश म्हणाले, “मुद्दाम सांडले असते तर तुम्ही इथे नसता.” शेठचा एक मुद्दा मात्र खरा होता, आणि तो मला टोचला: सहा वर्षे वापरलेल्या रिमच्या जागी मला कोऱ्या रिम मिळणार, तो फरक त्यांनी का द्यावा? यावर घासाघीस झाली. मी रिक्षाभाडे सोडायला तयार नव्हतो. रक्कम लहान होती. पण ते अण्णांचे होते. शेवटी ३३,००० वर जुळले, रिक्षाभाडे धरून. अकरा-अकरा हजारांचे तीन चेक. शेठ आणि टेम्पोवाला यांनी आपसांत कसे वाटून घेतले ते मी विचारले नाही. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का. त्यावर अपील नाही, त्यांनाही नाही आणि मलाही नाही.

दोन चेक वटले. तिसरा मे २०२४ अखेरचा होता. त्या महिन्यात, २३ तारखेला, एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. आमची घरे हादरली, पुष्कळांच्या काचा फुटल्या, आणि कामावर गेलेली किती तरी माणसे घरी परत आली नाहीत. २०१६ च्या मे महिन्यातल्या स्फोटानंतरही असेच झाले होते. पंचनामे झाले आणि भरपाईसाठी लोक वर्षानुवर्षे हेलपाटे घालत राहिले. त्या आठवड्यात गाडीच्या रंगाच्या चेकची आठवण करून द्यायला मला तोंड नव्हते. मी गेलो नाही.

जूनमध्ये शेठ स्वतःच आले, चेक घेऊन. म्हणाले, आता कारखान्यात अॅसिडच्या टाकीभोवती विटांचा कठडा बांधलाय, टाकी फुटली तरी माल आतल्या आत राहील. आणि कॅन घेणे बंद केले. रखवालदार तोच आहे. त्याची मुलगी पास झाली, त्याचे पेढे आम्हाला आधीच मिळाले होते. सौ.ने चहा केला. जाताना शेठ फाटकापाशी थांबले. खरखरीत फरशीवर बूट घासून पाहिला. मग गाडीकडे वळले, वाकून रिमवर बोट फिरवले.

“काम चांगले केलेय,” ते म्हणाले. “गॅरेज कुठले हो, काका? माझ्या स्कूटरवरही तसलेच डाग आहेत.”