वरचे नियम आणि गावची पाटी

जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यान महामार्गावर वसलेल्या नशिराबादसारख्या गावात आज ज्याच्या हाती मोबाइल आहे, तो सहसा चार-पाच व्हॉट्सॲप गटांचा सभासद असतो. आळीचा एक गट, मुलाच्या वर्गातील पालकांचा दुसरा, गणेश मंडळाचा तिसरा, भाऊबंदांचा चौथा आणि दहावीच्या जुन्या सोबत्यांचा पाचवा. गावची जी बातमी पूर्वी पारावर किंवा चहाच्या टपरीवर कळत असे, ती आता या गटांतून कळते. यांपैकी एखाद्या गटाचा माहितीचा रकाना उघडून पाहिला, तर तेथे बहुधा नियमांची एक लांबलचक यादी आढळते. अश्लील मजकूर टाकू नये, दोन समाजांत तेढ वाढेल असे लिहू नये, खोट्या बातम्या पसरवू नयेत, दुसऱ्याच्या नावाने लिहू नये, इत्यादी.

यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. यांतील बहुतेक नियम त्या गटाचे नाहीतच. ते व्हॉट्सॲपच्या सेवाशर्तींत पूर्वीपासून आहेत, आणि काही तर देशाच्या कायद्यातही आहेत. प्रत्येक सभासदाने खाते उघडताना त्या शर्तींना मान्यता दिलेली असते. मग जे वरच्याने एकदा सांगितले, ते खालच्याने पुन्हा सांगण्याचे प्रयोजन काय? हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु त्याला क्षुल्लक म्हणण्याचा अधिकार निदान खानदेशाला तरी उरलेला नाही.

राईनपाड्याचा धडा

१ जुलै २०१८ हा दिवस वाचकांना विसरता येणार नाही. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी त्या रविवारी आठवड्याचा बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या भागात व्हॉट्सॲपवरून आधीच पसरलेली होती. भिक्षेवर गुजराण करणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे जमावाच्या हाती सापडले आणि जमावाने त्यांना ठार मारले. ज्यांचा परंपरागत व्यवसायच गावोगाव फिरण्याचा, त्यांचे अनोळखी असणे हाच त्यांचा अपराध ठरला.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. त्या दिवशी नियम नव्हते असे नाही. खोटी माहिती पसरवू नये, हिंसेला चिथावणी देऊ नये, असे व्हॉट्सॲपच्या शर्तींत त्याही दिवशी लिहिलेलेच होते. पण ते लिहिलेले होते कोठे? खाते उघडताना ज्या मजकुरावर आपण न वाचता बोट ठेवतो, त्या मजकुरात. नियम होता, परंतु जेथे तो लागायचा, त्या गावापासून तो फार दूर होता.

त्यानंतर खुद्द व्हॉट्सॲपनेही हे एका परीने मान्य केले. त्याच जुलै महिन्यात त्या कंपनीने भारतातील वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन खोटी माहिती कशी ओळखावी याच्या दहा सूचना छापल्या. पुढे ढकललेल्या संदेशांवर तसा शिक्का दिसू लागला, आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आली. कोट्यवधी मोबाइल संचांत जिचा वास, त्या कंपनीलाही आपलेच म्हणणे लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी वृत्तपत्राचा कागद शोधावा लागला, हे पुरेसे बोलके आहे. पुनरुक्ती निरर्थक असती तर तिच्यासाठी कोणी पैसे मोजले नसते.

नक्कल आणि तिचे तोटे

तथापि, एवढ्यावरून प्रत्येक गटाने वरचे नियम उतरवून काढावेत असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पुनरुक्तीविरुद्धचे आक्षेप दुबळे नाहीत.

पहिला आक्षेप कारकुनी पेशातील वाचकांना चटकन पटेल. नक्कल शिळी होते. मूळ शासननिर्णय बदलतो आणि कार्यालयाच्या भिंतीवर मात्र जुनेच परिपत्रक लटकत राहते, हा अनुभव कोणाला नाही? २०१८ च्या पावसाळ्यात एखाद्या गटाने ‘संदेश पाच ठिकाणी पाठवता येतो’ असे नियमांत लिहून ठेवले असेल, तर एप्रिल २०२० पासून ते अर्धसत्य झाले; कारण वारंवार फिरलेला संदेश त्यानंतर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. गटाची सभासदमर्यादा २५६ आहे असे ज्यांनी लिहून ठेवले, त्यांचे वाक्य २०२२ मध्ये खोटे ठरले आणि त्या वर्षाच्या अखेरीस ती मर्यादा १०२४ झाली. वरचा नियम बदलल्याची वर्दी खालच्या पाटीला कोणी देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. वरच्या वीस नियमांपैकी सात उतरवले, की उरलेले तेरा लागू नाहीत असा समज होतो. भांडण लागले की ‘हे कोठे लिहिले आहे?’ असे विचारणारा सभासद प्रत्येक गटात असतोच.

तिसरा आक्षेप गटप्रमुखाच्या, म्हणजे ज्याला सारे ‘ॲडमिन’ म्हणतात त्याच्या, मनातील भीतीचा आहे. नियम मी लिहिले तर ते मोडल्याची जबाबदारी माझ्यावर येईल काय? या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा १ मार्च २०२१ चा निर्णय मार्गदर्शक आहे. गोंदिया जिल्ह्यातील एका गटात एका सभासदाने महिला सभासदाविषयी गलिच्छ भाषा वापरली, आणि गटप्रमुखाने त्याला काढले नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून गटप्रमुखावरही गुन्हा नोंदवण्यात आला होता. न्यायालयाने तो रद्द केला. सभासद घेणे आणि काढणे यापलीकडे गटप्रमुखाला फारसा अधिकार नाही. मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी तो त्याला तपासता येत नाही. समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट दिसत नसेल तर दुसऱ्याच्या लेखनासाठी त्याला दोषी धरता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

या निर्णयाने अनेक गटप्रमुखांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, आणि तो योग्यच होता. पण कायद्याने दोषी नसणे आणि आपले काहीच कर्तव्य नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुढे २०२२ मध्ये गटातील कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसून टाकण्याची सोय गटप्रमुखाला मिळाली. ज्याच्या हाती खोडरबर आला, त्याने ते केव्हा वापरणार हे आधी सांगून ठेवणे सभासदांच्याही हिताचे आहे. अन्यथा आज एकाचा संदेश पुसला आणि उद्या दुसऱ्याचा राहिला, की पक्षपाताचा आरोप ठरलेलाच.

पाटीवर काय असावे?

मग मार्ग कोणता? तो आपल्या परिचयाच्या एका पाटीने पूर्वीच दाखवून दिला आहे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास मनाई करणारा कायदा २००३ चा. त्याखालील जे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आले, त्यांनी प्रत्येक सार्वजनिक जागेच्या चालकावर दोन गोष्टींची सक्ती केली. येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे अशी पाटी लावणे ही एक. आणि कोणी नियम मोडताना दिसल्यास तक्रार कोणाकडे करावी त्या व्यक्तीचे नाव ठळकपणे जाहीर करणे ही दुसरी.

या व्यवस्थेतील शहाणपण पाहण्यासारखे आहे. संपूर्ण कायदा भिंतीवर उतरवा, असे सरकारने सांगितले नाही. एक वाक्य पुन्हा सांगा, आणि दिल्लीला जे ठाऊक असणे शक्य नाही ते, म्हणजे तुमच्या जागेवरील जबाबदार माणसाचे नाव, त्यात घाला, एवढेच सांगितले. वरचा नियम सर्वांसाठी असतो, म्हणून तो मोघम असतो. त्याला जागा, वेळ आणि माणूस देणे हे खालच्याचेच काम आहे. ते केले तर पुनरुक्ती सार्थ. न केले तर ती निव्वळ नक्कल.

हीच कसोटी नशिराबादच्या एखाद्या आळीच्या गटाला लावून पाहू. ‘खोट्या बातम्या पसरवू नयेत’ हे वाक्य व्हॉट्सॲपच्या शर्तींतून उचललेले आहे आणि त्याने कोणाचेही बोट थांबणार नाही. कारण अफवा पुढे ढकलणाऱ्याला ती अफवा आहे असे कधीच वाटत नसते. आपण गावाला सावध करत आहोत, अशीच त्याची प्रामाणिक समजूत असते. त्याऐवजी असे लिहिले तर? ‘अनोळखी माणूस दिसला तर त्याचे छायाचित्र गटात टाकू नये. नशिराबाद पोलीस ठाण्याला किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. असे छायाचित्र टाकल्यास ते ताबडतोब पुसले जाईल.’ नियम तोच आहे. पण पहिल्या वाक्यात उपदेश होता. दुसऱ्यात काय करू नये, त्याऐवजी काय करावे आणि न ऐकल्यास काय होईल, हे तिन्ही आले. राईनपाड्याला ज्याची उणीव होती, ती अशा वाक्याची. अशा एका वाक्याने ते पाच जीव वाचलेच असते असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. खवळलेला जमाव पाट्या वाचत नाही. परंतु जमाव जमण्यापूर्वीचे काही दिवस असतात, आणि त्या दिवसांत माणसे एकेकटी, शांतपणे, हातातील संच पाहत असतात.

पालकांच्या गटाचेही असेच. व्हॉट्सॲप वापरण्यास किमान तेरा वर्षे वय लागते, हे शिक्षकाने पुन्हा सांगण्यात अर्थ आहे; कारण पाचवीतील मुलाच्या नावे खाते उघडून गृहपाठ मागवणारे पालक त्याच्यापुढेच आहेत. विद्यार्थ्यांत प्रिय असलेल्या डिस्कॉर्ड या माध्यमाने तर सार्वजनिक समुदायांसाठी नियमांचे स्वतंत्र दालन ठेवणे बंधनकारकच केले आहे. पण दालन असणे वेगळे आणि त्यात आपले स्वतःचे काही असणे वेगळे.

तेव्हा गटाच्या पाटीवर चार-पाचच वाक्ये असावीत. वरचे नियम व देशाचा कायदा लागू आहेतच, हे एका वाक्यात सांगावे, म्हणजे उरलेल्या तेरांचा वाद मिटतो. बदलत जाणारे आकडे उतरवू नयेत, म्हणजे नक्कल शिळी होत नाही. आपल्या गावात, आपल्या शाळेत, आपल्या मंडळात जे दोन-तीन धोके खरोखर उभे आहेत, तेवढे आपल्या भाषेत लिहावेत. तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव द्यावे. आणि जे आपण अमलात आणणार नाही, ते मुळीच लिहू नये. मोडूनही काही होत नाही असा एक नियम पाटीवर राहिला, की तो शेजारच्या चांगल्या नियमांचाही धाक घालवतो.

नशिराबाद आता ग्रामपंचायतीचे गाव राहिलेले नाही, तेथे नगरपरिषद आली. वरचा कायदा राज्याचा असला तरी कचऱ्याची गाडी कोणत्या आळीत किती वाजता येणार हे नगरपरिषदेलाच सांगावे लागते, आणि ते न सांगितल्यास कायदा असूनही कचरा रस्त्यावरच राहतो. कोणा दूरदेशीच्या कंपनीने लिहिलेले नियम आपल्या गावाला राखतील, ही अपेक्षा याहून वेगळी नाही. ते नियम आपले म्हणून पुन्हा सांगणारा आणि त्यांखाली आपले नाव घालायला तयार असलेला माणूस प्रत्येक गटात हवा. असा माणूस नसेल, तर यादी सात नियमांची असो वा सत्तरांची, ती वाचण्याची तसदी कोणी घेणार नाही.