पंपाला किती नव्हे, एकराला किती

फवारणीचा ड्रोन बांधावर आला की पहिला प्रश्न ठरलेला: "पंपाला किती टाकायचं?" पाठीवरच्या पंपाला हा हिशेब चालायचा. ड्रोनला तो चालत नाही, आणि माझ्या मते फवारणी फसते ती इथेच.

वाढलेल्या कपाशीला एकरी १५ लिटरचे १२ पंप लागले असं धरू. पाणी झालं १८० लिटर. पंपाला १० मिली औषध असेल, तर एकराला १२० मिली. ड्रोनची टाकी साधारण १० लिटरची आणि तेवढ्यातच एकर उरकायचं. म्हणून त्या टाकीत १२० मिलीच पडलं पाहिजे. सवयीने १० मिली टाकलं, तर पिकाला बारावा हिस्सा मिळतो आणि अळी जगते. वारंवार असं झालं की पुढच्या पिढ्या त्या औषधाला दाद देईनाशा होतात.

हे द्रावण मात्र अठरापट दाट असतं. भुकटी आधी बादलीत नीट विरघळवून, गाळून मगच टाकीत ओतावी. नाहीतर नोझल तुंबतं. दोन औषधं एकत्र करायची असतील तर आधी बाटलीत कालवून पाहावं, फाटतात का ते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना अनेक शेतकरी-मजुरांचा विषबाधेने जीव गेला. फवारणाऱ्याला त्या विषारी तुषारांतून बाहेर काढणं, हे ड्रोनचं सगळ्यात मोठं देणं. पण औषध कालवणारे हात तिथेच राहतात. हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच.

आता उडण्याचं गणित. ड्रोन पिकाच्या शेंड्यापासून दोन-तीन मीटर उंचीवर फिरतो. वेग सेकंदाला ४ मीटर आणि पट्टा ४ मीटर रुंद धरला, तर सेकंदाला १६ चौरस मीटर रान भिजतं. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. वळणं सोडून सव्वाचार मिनिटं लागतात. तेवढ्यात १० लिटर संपायला सगळ्या नोझलांतून मिळून मिनिटाला जवळपास २.४ लिटर पडायला हवेत. साधं पाणी भरून, पंख्यांची पाती काढून ठेवून, नोझलखाली मापाचं भांडं धरलं की हे जमिनीवरच तपासता येतं.

पंख्यांचा खाली येणारा झोत पानं हलवतो, त्यामुळे पानामागच्या पांढऱ्या माशीपर्यंतही थोडं औषध पोचतं. दाटलेल्या कपाशीत मात्र खालच्या फांद्या कोरड्या राहू शकतात. तिथे केवळ ड्रोनवर भिस्त ठेवू नये. आणि वारा! शेजारी तुतीची बाग असेल तर उडून गेलेले थेंब रेशीमकिड्यांचा जीव घेतात. वारा वाढला की ड्रोन खाली उतरवावा, मग अर्धं रान राहिलं तरी चालेल.

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, सुट्या भागांना मुभा ठेवली. देशी ड्रोनचा खरा उपयोग मला हंगामात दिसतो: पातं तुटलं तर ते दोन दिवसांत मिळतं का? विकत घेताना हे विचारावं, टाइप सर्टिफिकेट पाहावं. चालवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. बॅटरी भरल्या टाकीने दहा-पंधरा मिनिटं टिकते, म्हणून दिवसभराच्या कामाला अनेक जोड्या आणि बांधावर जनरेटर हवा.

शेवटी टाकी धुतलेलं पाणी ओढ्यात सोडू नये. पुन्हा टाकीत भरून त्याच शेतावर फवारून टाकावं.