संशोधनासाठीं सरकारी अनुदान : तें कोठें शोधावें व कसें मिळतें

आमच्या शाळेंतून शालान्त परीक्षा उतरून जे विद्यार्थी विज्ञानशाखेकडे जातात, त्यांपैकीं पुष्कळांचा ओढा अलीकडे औषधनिर्माणशास्त्राकडे, म्हणजे ज्याला सर्वजण फार्मसी म्हणतात त्या विद्येकडे, आहे. त्यांचे पालक भेटले म्हणजे आम्हांस एक प्रश्न हटकून विचारतात. "मुलगी संशोधन करीन म्हणते, पण गुरुजी, तें पैसेवाल्यांचें काम. प्रयोगशाळेचा खर्च आम्ही कोठून आणावा ?" प्रश्न रास्त आहे, व त्यापायीं कित्येक हुशार मुलांचा मार्ग बारावीनंतरच बदलला जातो, हें आम्ही पाहत आलों आहों. म्हणून त्याचें उत्तर येथें जरा विस्तारानें देण्याचें योजिलें आहे. प्रयोगशाळेचा खर्च कुटुंबानें करावयाचा नसतो. तो बहुतांशीं सरकार करतें. मात्र तो पैसा आपण होऊन कोणाच्या दारीं येत नाहीं. तो शोधावा लागतो, मागावा लागतो, आणि मिळाल्यावर पैपैचा हिशेब द्यावा लागतो.

प्रथम शिष्यवृत्ति आणि अनुदान यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. शिष्यवृत्ति ही व्यक्तीला मिळते व तिच्या निर्वाहासाठीं असते. अनुदान हें एका ठराविक कामासाठीं असतें. तें संशोधकाच्या खिशांत न पडतां त्याच्या संस्थेच्या खात्यांत जमा होतें, व ज्याच्या नांवें काम मंजूर झालें त्याला मुख्य संशोधक असें म्हणतात. अनुदान हें कर्ज नव्हे, कारण तें फेडावयाचें नसतें; आणि बक्षीसही नव्हे, कारण तें मनास येईल तसें खर्चितां येत नाहीं. उरलेली रक्कम परत करावी लागते. विद्यार्थिदशेंत मनुष्य शिष्यवृत्तीवर जगतो व दुसऱ्याच्या अनुदानावर काम करतो. स्वतःच्या नांवें अनुदान मिळण्याची वेळ बहुधा संस्थेंत नेमणूक झाल्यानंतर येते. हा क्रम माहीत नसल्यामुळें पुष्कळ पालक उगाच घाबरतात.

आपल्या देशांत ही पद्धत नवी नाहीं. इ. स. १९११ मध्यें इंडियन रिसर्च फंड असोसिएशन नांवाची संस्था सरकारनें स्थापिली. त्या काळीं प्लेग, पटकी, हिंवताप यांनीं गांवेंच्या गांवें ओस पडत. तिचेंच नांव १९४९ मध्यें बदलून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद असें झालें. वर्तमानपत्रांत जी आय्.सी.एम्.आर्. म्हणून येते ती हीच. पुण्यास १९५२ मध्यें या परिषदेनें अमेरिकेंतील रॉकफेलर फाउंडेशनच्या सहाय्यानें विषाणूंच्या संशोधनाचें केंद्र काढलें. तें आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नांवानें ओळखलें जातें, आणि २०२० सालीं करोनाचा विषाणु भारतांत प्रथम वेगळा करून वाढविला गेला तो तेथेंच.

परंतु सरकारी पैसा संशोधनांत कसा झिरपतो हें समजण्यास रोटाव्हायरसच्या लशीची हकीकत अधिक उपयोगी आहे. हा विषाणु तान्ह्या मुलांना अतिसार करतो, आणि अंगांतील पाणी आटून मूल दगावतें. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत डॉक्टरांच्या असें लक्षांत आलें कीं, कांहीं नवजात अर्भकांच्या शरीरांत हा विषाणु आहे, पण त्यांना रोगाचें चिन्ह मुळींच नाहीं. तेथून जो वाण मिळाला त्याला ११६ ई असा क्रमांक पडला. विचार सरळ होता : जो विषाणु बाळाला अपाय करीत नाहीं, तोच त्याला पुढील दुखण्यापासून कां वांचवूं नये ? पण विचार सुचणें व लस तयार होणें यांत किती अंतर असावें ? भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचें, अमेरिकन सरकारच्या आरोग्यसंस्थांचें व इतर दात्यांचें सहाय्य वर्षानुवर्षें चालू राहिलें. हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीनें लस बनविली. मग २०११ पासून दिल्ली, पुणें व वेल्लोर या तीन ठिकाणीं ६,७९९ बालकांवर तिची कसोटी झाली. वेल्लोरचें काम डॉ. आयडा स्कडर यांनीं उभारलेल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत झालें. पहिल्या वर्षांतील गंभीर अतिसाराचें प्रमाण लशीनें निम्म्याहून अधिक घटलें असें दिसून आलें, आणि २०१६ पासून ती सरकारी लसीकरणांत कांहीं राज्यांपासून सुरू झाली. म्हणजे अर्भकापासून लशीपर्यंत तीस वर्षें गेलीं. एखादा खासगी सावकार इतका धीर धरता ना ! असल्या कामाला सरकारच लागतें.

आतां शोधावें कोठें ? सर्व अनुदानें एकाच कचेरींतून मिळतात असा समज असेल तर तो चुकीचा आहे. रोग, उपचार, पोषण, सार्वजनिक आरोग्य हे विषय आय्.सी.एम्.आर्.कडे, लशी, जनुकें, जीवाणु यांचा विषय १९८६ मध्यें निघालेल्या जैवतंत्रज्ञान विभागाकडे, आयुर्वेदाचा आयुष मंत्रालयाकडे. मूलभूत विज्ञानासाठीं २०२३ च्या कायद्यानें अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन निर्माण झालें असून पूर्वीचें विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यांत विलीन झालें आहे. जुन्या पुस्तकांतून त्या मंडळाचें नांव अद्यापि आढळतें, म्हणून ही सूचना. औषधांच्या धंद्यासाठीं केंद्राच्या औषधनिर्माण विभागानें २०२३ मध्यें ५,००० कोटि रुपयांची योजना जाहीर केली. तिच्यांतील कांहीं भाग नायपर या नांवानें प्रसिद्ध असलेल्या सात राष्ट्रीय संस्थांना आहे व मोठा भाग नवीं औषधें व वैद्यकीय साधनें शोधणाऱ्यांना आहे. ज्याला शोधापासून धंदा उभा करावयाचा आहे त्याच्यासाठीं बायरॅक ही २०१२ मधील सरकारी कंपनी आहे. तिच्या एका योजनेंत नव्या कल्पनेला १८ महिन्यांसाठीं ५० लाख रुपयांपर्यंत सहाय्य मिळतें.

प्रत्येक खातें आपल्या संकेतस्थळावर प्रस्ताव मागविल्याची जाहिरात देतें व तींत शेवटची तारीख असते. ती जाहिरात दोनदां वाचावी, व दुसऱ्यांदां पेन्सिल घेऊन वाचावी, असें आमचें मत आहे. अर्जदाराचें वय किती, पदवी कोणती, नेमणूक कायम हवी कीं नको, संस्था कोणत्या प्रकारची हवी, हें सर्व तेथें लिहिलेलें असतें. खासगी संस्थांना पुष्कळदां केंद्रीय वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता दाखवावी लागते. म्हणून फार्मसीचें कॉलेज निवडतांना इमारत पाहण्यापेक्षां ही मान्यता आहे कीं नाहीं, आणि तेथील अध्यापकांना गेल्या पांच वर्षांत अनुदानें मिळालीं कीं नाहींत, एवढें पालकांनीं विचारावें. उत्तर देतांना कोणी अडखळला तर त्यावरूनच काय तें समजेल.

अर्जांत काय लिहितात ? प्रश्न कोणता, तो पूर्वीं कोणी सोडविला आहे काय, आपण तो कसा सोडविणार, किती दिवसांत, किती पैशांत. खर्चाचीं कलमें वेगळीं मांडावीं लागतात : मदतनिसांचा पगार, उपकरणें, रसायनें, प्रवास, किरकोळ. मग त्या विषयांतील जाणते लोक अर्ज तपासतात. आमच्या ऐकिवांत असें आहे कीं, अर्ज नामंजूर होण्याचें कारण बहुधा बुद्धीचा अभाव हें नसून प्रश्नाचा पसारा हें असतें. 'मधुमेहावर वनस्पतींचा उपयोग' हा प्रश्न नव्हे, तो ग्रंथालयाचा एक खण झाला. अमुक वनस्पतीच्या पानांचा अर्क अमुक मात्रेंत दिला असतां उंदरांच्या रक्तांतील साखर किती उतरते, हा प्रश्न. प्राणी किंवा माणसें यांवर प्रयोग असेल तर नीतिसमितीची संमति लागते, आणि माणसांवरील औषधांच्या चांचण्यांची नोंद सरकारी नोंदवहींत आधीं करावी लागते. ही नोंदवही २००७ मध्यें सुरू झाली व १५ जून २००९ पासून नोंद सक्तीची झाली.

येथें एक इशारा देणें अवश्य वाटतें. आमच्या एका माजी विद्यार्थ्याला दूरध्वनीवरून कोणी गृहस्थानें कळविलें कीं, तुमचें अनुदान मंजूर झालें आहे, फक्त कागदपत्रांचे पंधरा हजार रुपये आधीं भरा. मुलानें सुदैवानें आपल्या प्राध्यापकांना विचारलें, म्हणून वडिलांची बचत वांचली. ज्यानें अर्जच केला नाहीं त्याला मंजुरी कशी मिळेल ? मंजुरी मिळवून देतों म्हणून पैसे मागणारा मध्यस्थ कितीही गोड बोलला तरी त्याला दारांतूनच निरोप द्यावा, आणि शंका आल्यास त्या खात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावें.

विद्यार्थ्यांना वाटेवर मिळणारें सहाय्य थोडक्यांत सांगतों. बी.फार्म. होऊन जीपॅट परीक्षा उतरणाऱ्याला एम्.फार्म.साठीं प्रवेश मिळाल्यावर दरमहा १२,४०० रुपये छात्रवृत्ति आहे. पीएच्.डी. करणाऱ्या कनिष्ठ संशोधकाला जानेवारी २०२३ पासून पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये व घरभाड्याचा भत्ता असा दर आहे. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांचें लहान संशोधन करण्यासाठीं आय्.सी.एम्.आर्. १९७९ पासून विद्यावेतन देत आहे. अहवाल पसंत पडला तरच तें हातीं येतें. बारावीनंतरची इन्स्पायर शिष्यवृत्ति वर्षाला ८०,००० रुपयांची आहे खरी, पण ती शुद्ध विज्ञानाचा अभ्यास करणाऱ्यांना आहे. फार्मसी किंवा वैद्यकी घेतली म्हणजे ती मिळत नाहीं. दरवर्षीं या एका गैरसमजानें कांहीं घरीं निराशा होते. आणि आमच्या शाळेंतील मुलांना आजच मिळण्याजोगें म्हणजे इन्स्पायर-मानक योजनेंतील १०,००० रुपये. सहावीपासूनच्या विद्यार्थ्याची एखादी नवी कल्पना मुख्याध्यापकांमार्फत पाठवितात, व ती निवडली गेल्यास प्रतिकृति बनविण्यासाठीं ही रक्कम विद्यार्थ्याच्या बँकेंतील खात्यांत येते.

हे सर्व अर्ज प्रायः इंग्रजींत लिहावे लागतात, म्हणून मराठी कच्ची राहिली तरी चालेल असें कांहीं मुलांना वाटतें. परंतु ज्या रुग्णावर चांचणी व्हावयाची त्याचें संमतिपत्र त्याला समजेल अशा भाषेंत असावें असा नियम आहे. तुम्हांला कोणतें औषध देणार, त्यापासून काय अपाय संभवतो, नको वाटल्यास केव्हांही कसें बाहेर पडतां येईल, हें ऊस तोडणाऱ्या बाईला वाचून दाखविलें कीं कळलें पाहिजे. तें पत्र कोणीतरी सोप्या, स्वच्छ मराठींत लिहावें लागतें. आणि तें तसें उतरलें नाहीं तर नीतिसमिति संपूर्ण प्रस्ताव परत पाठवूं शकते.