आकाशाचा गोंगाट आणि बिनतारी संदेश

वळवाच्या दिवसांत हरिहरेश्वरच्या समुद्रावर वीज चमकली, की मध्यम लहरींच्या रेडिओत खरखर उठते. वीज हे निसर्गाचे आडदांड प्रेषकयंत्रच होय. ती सर्व लांबींच्या लहरी एकदम फेकते. त्यांत लांब लहरींचा जोर अधिक, आणि प्रारंभीची बिनतारी तारायंत्रे चालत ती शेकडो-हजारो मीटरांच्या अशाच लहरींवर. त्यामुळे दूरचे वादळही संदेशातील टिंबे-रेघा पुसून टाकी. वादळी ऋतूत जहाजाची हाक किनाऱ्याला ऐकू जाणे सर्वांत अगत्याचे, आणि नेमकी तेव्हाच ती बुडे!

ग्राहकयंत्राची शक्ती वाढवावी, तर हाकेबरोबर गोंगाटही वाढतो. म्हणून आधी जहाजांवरील ठिणगीला बासरीसारखा एकसुरी स्वर दिला गेला. खरखरीतून तो कानाला वेगळा ओळखू येई. पुढे दूरच्या पल्ल्यासाठी आखूड लहरी आल्या. १९२७ साली खडकीहून इंग्लंडला संदेश धाडणारी व दौंडला तिकडचे संदेश घेणारी 'बीम' सेवा सुरू झाली. दौंडचे तारांचे पडदे इंग्लंडच्या रोखाने उभे होते. इतर दिशांच्या विजांचा आवाज त्यांत क्षीण होई. भरबाजारात मित्राचे बोलणे ऐकण्यास आपण कानामागे हात धरतो ना, तसेच हे. गोंगाटावर मात केली ती मोठ्या आवाजाने नव्हे, नेमके ऐकण्याने.