झुलीखालची घोडी

गेल्या चातुर्मासातील गोष्ट आहे. पर्युषण पर्व सानंद पार पडले आणि तपस्वींच्या अनुमोदनार्थ आमच्या संघाने परंपरेप्रमाणे वरघोडा काढला. बँड, सजविलेला रथ, मंगलगीते म्हणणाऱ्या श्राविका आणि सर्वांत पुढे जरीची झूल पांघरलेली पांढरी घोडी. तिच्यावर धर्मध्वज हाती घेतलेला एक बालक. हिशेबाचे काम माझ्याकडे होते. आयुष्य बँकेत घालविलेल्या माणसाला समाज सहसा दुसरे काम सोपवीत नाही.

मिरवणूक संपल्यावर घोडीवाल्याचे पैसे चुकते करण्यासाठी मी उपाश्रयामागच्या मोकळ्या जागेत गेलो. त्याने नुकतीच झूल उतरविली होती. घोडीच्या बरगड्या दुरूनही मोजता येत होत्या. खोगिराच्या जागी उघडी जखम होती. खूर वाढून पुढे वळले होते आणि एकाला उभी चीर गेली होती. समोरची बादली तिने एका दमात रिकामी केली आणि रिकाम्या बादलीत तोंड घालून ती तशीच उभी राहिली.

ही बातमी पसरताच दोन पक्ष पडले. युवक मंडळाचे म्हणणे, पोलिसांत तक्रार द्यावी. जीवदयेच्या घोषणा देत आपण निघालो आणि पुढे चालणारा जीव उपाशी, याहून लाजिरवाणे काय? ज्येष्ठांचे म्हणणे, म्हातारा माणूस आहे, गरीब आहे, पाचशे रुपये जास्त द्यावेत आणि विषय मिटवावा. दोन्ही पक्ष आपल्या भूमिकेला करुणाच म्हणत होते. एकाची करुणा घोडीपुरती होती, दुसऱ्याची म्हाताऱ्यापुरती.

मी ज्येष्ठांचे ऐकले आणि पाचशे रुपये जास्त दिले. पंधरा दिवसांनी सहज त्याच्या वस्तीकडे गेलो, तर घोडी होती तशीच. पैसे त्याच्या औषधांत गेले होते. वय सत्तरीच्या पुढे, पत्नी निवर्तलेली, मुलगा शहरात रिक्षा चालवितो आणि त्याचे त्यालाच पुरत नाही. गुडघे इतके दुखतात की उठायला भिंतीचा आधार लागतो. त्याच्या चुलीवर एका वेळेचाच भात होता. मला पाहून तो म्हणाला, “साहेब, चार महिने लगीन नाही, वरात नाही. कडब्याची पेंढी काय भावाने मिळते, ठाऊक आहे का तुम्हाला?”

मला ठाऊक नव्हते. चातुर्मासात विवाहाचे मुहूर्त नसतात, एवढे आपणा सर्वांना ठाऊक असते. त्या काळात वरातीच्या घोडीचे पोट कशावर चालते, हा प्रश्न मात्र आपल्या मनात येत नाही. मध्यम बांध्याच्या घोड्याला दिवसाकाठी सहा ते आठ किलो कोरडी वैरण आणि पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर साळून घ्यावे लागतात. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. कमाई हंगामी आणि खर्च बारमाही, असा हा व्यवसाय आहे. मालकाचे हातपाय चालतात तोवर हे गणित कसेबसे जुळते, पुढे जुळत नाही.

मग त्याला दोष द्यावा की नाही? प्रतिक्रमणात आपण पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आठवतो: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाननिरोध. आश्रित जीवाचे अन्नपाणी तोडणे हे त्याला मारण्याच्या आणि बांधण्याच्या पंक्तीत बसविलेले आहे. मालकाचा हेतू दुष्ट नसला, तरी बांधलेल्या जनावराला स्वतः चारा शोधता येत नाही. दावे ज्याच्या हाती, दायित्वही त्याच्याच हाती. म्हाताऱ्याच्या गरिबीने त्याचा दोष हलका होतो. घोडीची भूक तेवढीच राहते.

देशाचा कायदाही हेच सांगतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार जनावराला पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे हा मालकाचा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात दंड ठेवला तो १० ते ५० रुपये. आजच्या काळात हा आकडा हास्यास्पद वाटतो. परंतु त्याच कायद्याचे कलम ३५ मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. आजारी जनावर उपचारासाठी शुश्रूषागृहात पाठविता येते, दंडाधिकारी त्याला पांजरापोळात धाडू शकतात आणि उपचाराचा खर्च मालकाने द्यावा असा नियम आहे; मात्र मालक दरिद्री असल्यास दंडाधिकारी तो खर्च माफ करू शकतात. म्हणजे जनावराची सुटका आधी आणि मालकाच्या परिस्थितीचा विचारही सोबत. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेखातर चालणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरविल्या, तेव्हाही त्यावर पोट असणाऱ्या कुटुंबांच्या पुनर्वसनाकडे शासनाचे लक्ष वेधले होते.

बँकेत आम्ही थकबाकीदारांचे दोन प्रकार मानीत असू: ऐपत असून न देणारा आणि इच्छा असून देऊ न शकणारा. पहिल्यावर वसुलीची कारवाई होई. दुसऱ्याचे हप्ते बदलून दिले जात, मुदत वाढविली जाई. पण त्याच्या खात्याकडे कोणी डोळेझाक करीत नसे. सवलत लेखी असे, तिला तारीख असे आणि तारणाची तपासणी चालूच राहत असे. माझे पाचशे रुपये म्हणजे तपासणीविना दिलेली सवलत होती. ती घोडीपर्यंत पोहोचली नाही, यात नवल नाही.

मग आम्ही रीतसर काम केले. प्रथम सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना आणले. तोवर एक भगिनी सद्भावनेने भिजविलेले हरभरे आणि गूळ घेऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना तत्काळ थांबविले. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम दाणा-गूळ दिल्यास रक्तातील क्षारांचे संतुलन ढळते आणि काही दिवसांत हृदय बंद पडून तो दगावू शकतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळही जिवावर बेततो. आरंभी थोडा थोडा लसूणघास दिवसातून पाच-सहा वेळा द्यावा आणि दहाएक दिवसांत प्रमाण वाढवीत न्यावे, असे त्यांनी सांगितले. घाईची दया जीव घेऊ शकते, हे त्या दिवशी आम्ही सारे शिकलो.

नंतर म्हाताऱ्याशी लेखी बोलणे केले. वैरणवाल्याचे बिल संघाच्या जीवदया खात्यातून थेट जाईल. म्हाताऱ्याचे औषध आणि शिधा अनुकंपा खात्यातून. ही दोन खाती वेगळी ठेवण्याची आपली जुनी शिस्त आहे; एकाचा पैसा दुसऱ्याकडे वळू नये. डॉक्टर सांगेपर्यंत घोडी कामावर जाणार नाही. दर पंधरा दिवसांनी मी आणि युवक मंडळाचा एकजण पाहणी करू. घोडीची निगा राखणे शक्य नसल्याचे दिसले, तर ती पांजरापोळात जाईल. त्याने अंगठा उठविला.

दोन महिन्यांत घोडीच्या अंगावर मांस धरले, जखम भरली, नालबंदाने खूर सरळ केले. परंतु चौथ्या पाहणीला कुंड कोरडे आढळले. सार्वजनिक नळावरून हंडे वाहून आणणे त्या गुडघ्यांना झेपत नव्हते आणि शेजाऱ्यांना रोज सांगण्याचा त्याला संकोच होता. तक्रारीची भाषा करणारा युवकच या वेळी म्हणाला, “काका, आणखी एक संधी देऊ या.” मलाही तेच वाटत होते. तरीही मी कागद पुढे केला. पाण्याविना एक दिवस म्हणजे काय, हे घोडी आम्हाला सांगू शकत नव्हती.

म्हातारा माझ्याशी बोलला नाही. ठरल्या दिवशी दावे मात्र त्याने कोणाच्या हाती दिले नाही. टेम्पोत तिच्याशेजारी बसून तो पांजरापोळापर्यंत आला. तेथील व्यवस्थापकांनी त्याला केव्हाही येण्याची मुभा दिली आहे. महिन्यातून एक-दोनदा आमचा युवक त्याला मोटारसायकलवरून घेऊन जातो. तिच्या मानेवर हात फिरवीत तो तासभर बसतो, असे कळते. माझ्यावरचा त्याचा राग गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी अपेक्षाही नाही.

पांजरापोळ ही आपल्या पूर्वजांची देणगी आहे. मुंबईचे पांजरापोळ १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय आणि आपले शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने उभे राहिले. त्या परंपरेचे आपण अभिमानाने नाव घेतो. परंतु आमच्या संघाच्या व्हाऊचर फायली चाळताना मला आढळले, की त्याच घोडीच्या भाड्यावर लागोपाठ सहा वर्षे माझी सही आहे. सहा वर्षांत झूल उचलून पाहण्याचे मला सुचले नाही. जाब विचारायचाच, तर पहिले नाव त्या म्हाताऱ्याचे लिहिता येत नाही.

यंदापासून आमच्या संघाने वरघोड्यातून घोडे वगळले आहेत. रथ युवकच ओढणार आहेत. ज्या कुटुंबांत विवाहासाठी घोडी ठरवायची असेल, त्यांनी बयाणा देण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात, झुलीविना तिला पाहावे. पाठीवर हात फिरवावा, खूर पाहावेत, पाण्याचे कुंड पाहावे. आणि मालक वृद्ध असेल, तर त्याच्या घरी चूल पेटते का, हेही विचारावे.